ट्यूब उलटी करून बघा

पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं 2025 पर्यंत बंद करायची, असं मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरवलं होतं. भारतही त्या करारात आहे. मुदत उलटली. या निमित्तानं आपल्या वऱ्हाडाला अकोल्याच्या त्या तिघींची आठवण ठेवावीच लागेल. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीनं गावातल्याच ब्युटीशियनकडून क्रीम घेतली. चेहरा असा उजळला की आई आणि मोठी बहीणही तीच लावू लागल्या. 2022 च्या सुरुवातीला तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली.

जानेवारी 2023 मध्ये ही बातमी गाजली, पण छडा कसा लागला हे फारसं बोललं गेलं नाही. एकाच घरात तिघींना एकाच वेळी मूत्रपिंडाचा तोच विकार होतो, हे अकोल्यातल्या डॉक्टरांना खटकलं. त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातले मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. तुकाराम जमाले यांचा सल्ला घेतला. तिघींच्या रोजच्या वापरात सारखं काय आहे, याचा शोध घेता घेता बोट क्रीमवर आलं. केईएमच्याच आयुर्वेद प्रयोगशाळेत ती तपासली, तर त्यात पारा निघाला. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या त्या मुलीच्या रक्तात पाऱ्याची पातळी 46 होती. ती 7 च्या आत असायला हवी. चेहऱ्याच्या क्रीमचं कोडं त्वचेच्या नव्हे, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी उलगडावं, यातच या विषाची चाल कळते.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या विकराच्या मदतीनं तयार होतं, त्यालाच पारा अडवतो. म्हणून चेहरा खरोखर उजळतो, आणि म्हणूनच लोक फसतात. पण पारा त्वचेवर थांबत नाही. केसांच्या मुळांतून, तैलग्रंथींतून तो आत शिरतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. मग प्रथिनं लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात अशा एका मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण अभ्यासले. त्यातल्या 15 जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारी क्रीम लावत होते.

याचा मुरूम येणाऱ्या तेलकट त्वचेशी संबंध काय? फार जवळचा. मुरूम जातो, डाग राहतो. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर तो काळपट डाग महिनोन् महिने हटत नाही आणि मुलींना मुरमापेक्षा त्या डागाचाच जास्त ताप होतो. लग्न ठरलेलं असेल तर विचारायलाच नको. ‘काय वं, तोंडाले काय झालं तुया?’ हे घरीदारी दहा जणांकडून ऐकलं की बिनलेबलाच्या डबीपर्यंत जायला वेळ लागत नाही. मूळ गरज डाग घालवायची असते, हातात पडते गोरेपणाची क्रीम.

दुसरी वाट मेडिकलच्या काउंटरवरून जाते. ‘भाऊ, पिंपल्सवर काही द्या नं,’ म्हटलं की कितीदा तरी हातात स्टिरॉइडची ट्यूब येते. त्वचेवर लावायची स्टिरॉइडं 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरी ती मिळतात. लावली की चार-आठ दिवसांत लाली उतरते, चेहरा गुळगुळीत होतो. पुढे कातडी पातळ पडते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि क्रीम थांबवली की मुरूम दुपटीनं उसळतात. मग तीच ट्यूब पुन्हा. या दुष्टचक्रात अडकलेल्या मुलींबद्दल त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं ओरडून सांगते आहे. म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायची. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर मुरमांसाठी ती घ्यायची नाही. लाल उभी रेघ दिसली की ते चिठ्ठीचं औषध समजायचं. आणि ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर यांपैकी काहीच नाही, तिचं झाकणही उघडायचं नाही. पाऱ्याच्या काही क्रीमवर तर ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असं छापलेलं असतं. मंगळसूत्राला जे चालत नाही, ते गळ्याच्या कातडीला चालेल कसं?

मग घ्यायचं काय? फारच थोडं. सौम्य फेसवॉश, हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर, जेल सनस्क्रीन आणि मुरमांवरचं एक औषध. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, त्यामुळे ते भरलेल्या छिद्रात उतरतं. ते 2 टक्क्यांपर्यंत पुरे. बेंझॉइल पेरॉक्साइड मुरमांतले जीवाणू मारतं. त्याचं अडीच टक्क्यांचं जेल दहा टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि आग कमी करतं, म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये. उशीचा अभ्रा मात्र पांढरा घाला, रंगीत असेल तर या जेलनं त्यावर फिकट डाग पडतात. अ‍ॅडापलीन उत्तम औषध आहे, पण डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदरपणात नाही. यातलं काहीही 8 ते 12 आठवड्यांआधी पूर्ण गुण दाखवत नाही. आठ दिवसांत चेहरा चमकवणाऱ्या क्रीमवर संशय घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे. लिंबू आणि टूथपेस्ट चेहऱ्याला लावूच नये, त्यानं कातडी भाजते आणि नवा डाग पडतो.

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत आपल्या पाण्याचा विचार नसतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर हा सगळा भाग. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की साबणाला धड फेस येत नाही. कडक पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो कातडीवर बसतो. चेहरा ओढल्यासारखा वाटतो, तरी दुपारी तेलकट दिसतो, म्हणून पोरी पुन्हा साबण लावतात. शिवाय साबण अल्कधर्मी आणि त्वचा किंचित आम्ल. अशा गावांत साबणाऐवजी सिंडेट बार (साबण नसलेली वडी) किंवा सौम्य फेसवॉश वापरावा, तोही दिवसातून दोनदाच. पिण्यासाठी भरलेल्या गोड्या पाण्यातलं तांब्याभर शेवटी चेहऱ्यावर घेता आलं तर बरंच. त्वचेच्या सल्ल्यात पाण्याचा प्रश्न पहिला यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी आपली गोष्ट स्कार्फची. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा गाडीवर तोंड बांधण्यावाचून इलाज नाही. पण घामानं भिजलेलं कापड हनुवटीवर, जबड्यावर तासन् तास घासलं की नेमके तिथेच मुरूम येतात. सुती स्कार्फ, रोज धुतलेला, आणि पोहोचल्यावर लगेच सोडलेला, एवढं पाळलं तरी फरक पडतो. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं मूळ पुष्कळदा डोक्याला थापलेल्या तेलात असतं. तेल रात्री लावून सकाळी केस धुवा आणि कपाळापर्यंत ओघळू देऊ नका.

भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पारा घालून प्रसाधनं बनवायला बंदी केलेली आहे, नकळत राहिलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी जास्त सूट आहे. कायदा आहे, तपासणी हवी. केरळच्या औषध नियंत्रण विभागानं 2023 मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावानं दुकानांवर छापे घातले. तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं ज्या अकोल्यात उघड झालं, तिथल्या आणि अमरावतीच्या पार्लर-दुकानांतल्या डब्या आपल्या अन्न व औषध प्रशासनानं नियमित तपासायला नकोत का? हे काम एकट्या ग्राहकावर टाकणं अन्यायाचं आहे.

तोवर, अशी डबी कुणी वापरत असेल तर तिनं ती आजच थांबवावी आणि लघवीची साधी तपासणी करून प्रथिनं जातात का ते बघावं. अमरावतीत इर्विन रुग्णालयात, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही तपासणी होते. क्रीम वेळेत थांबली तर पुष्कळांची मूत्रपिंडं सावरतात. डबी मात्र फेकू नका. झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. अकोल्याच्या प्रकरणात पारा सापडला तो क्रीमच तपासायला हाती होती म्हणून.