डोळ्यांनी ऐकायचा रेडिओ

रायपूरची रेडिओवरची जुनी ओळख एका आकड्यात मावायची: ९८१ किलोहर्ट्झ. २ ऑक्टोबर १९६३ रोजी इथे आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. मीडियम वेव्हवर काटा या आकड्याशी आणला की घरात छत्तीसगडी बोलू लागायची. ‘बरसातीभैया’ म्हणून ओळखले जाणारे केसरीप्रसाद वाजपेयी याच केंद्रावरून गावोगावी पोचले. काटा एकदा जागेवर बसला की त्याला कुणी हात लावत नसे, आणि धाकट्याने लावलाच तर बोलणी खाई. रेडिओत आणखी काय काय असतं, हे बघायची गरजच नव्हती.

आता हातात मावणारं एक यंत्र नेमकी तीच खोड करायला बसलं आहे. काटा कुठेच थांबवायचा नाही, सगळीकडे फिरवायचा. त्याचं नाव पोर्टापॅक. आत ‘हॅकआरएफ वन’ नावाची सर्किटची पाटी, वर छोटा पडदा, एक गोल चकती, बॅटरी आणि डोक्यावर ओढून लांब करायचा एरियल. महाराष्ट्र मंडळ ज्या चौबे कॉलनीत आहे, तिथल्या एखाद्या गच्चीवर हे घेऊन उभं राहावं आणि ‘लुकिंग ग्लास’ हा पर्याय निवडावा. आवाज येत नाही. पडद्यावर वरून खाली रंग ओघळू लागतात. हा ‘वॉटरफॉल’. आडव्या दिशेला फ्रिक्वेन्सी, उभ्या दिशेला सरत जाणारा वेळ. निळा म्हणजे सामसूम. पिवळा-लाल म्हणजे तिथे कुणीतरी बोलतं आहे.

नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. पडद्याच्या ऐन मध्यावर एक ठसठशीत रेघ दिसते आणि मोठं घबाड सापडल्याचा आनंद होतो. चकती फिरवून पुढे जावं, तर रेघही सोबत येते. ती बाहेरची नसतेच. यंत्राच्या स्वतःच्या विद्युत दोषाची ती सावली, ‘डीसी स्पाइक’. अनुभवी माणूस हवी ती फ्रिक्वेन्सी मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला ठेवतो.

जुन्या रेडिओत एएम ऐकायला एक सर्किट, एफएमला दुसरं. कॉइल, कपॅसिटर, डायोड; जे तारांनी जोडलं तेच तो करणार. पोर्टापॅकसारख्या सॉफ्टवेअर रेडिओत तारांचं काम थोडक्यात आटोपतं. एरियलवर आलेली लहर आधी २.६ गिगाहर्ट्झच्या आसपास उचलून नेली जाते, तिथून पुन्हा खाली आणली जाते आणि सेकंदाला दोन कोटी वेळा मोजली जाते. पुढे उरतात ते फक्त आकडे. त्यांतून गाणं काढायचं, विमानाचा पत्ता काढायचा की नुसता रंग, हे प्रोग्रॅम ठरवतो. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हे नाव अमेरिकी अभियंता जोसेफ मिटोला यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. तेव्हा तो लष्करी प्रयोगशाळांच्या आवाक्यातला खर्च होता.

स्वस्ताई आली ती जवळजवळ चुकून. २०१२ मध्ये फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरवर टीव्ही बघायच्या एका पेनड्राइव्हएवढ्या डाँगलमधली रिअलटेकची चिप कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर सोडते. ऑस्मोकॉम या खुल्या प्रकल्पाच्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि काहीशे रुपयांची वस्तू रुंद पट्ट्याचा रिसीव्हर झाली. मायकेल ऑसमन यांनी हॅकआरएफ २०१४ मध्ये बाजारात आणला, १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोचणारा. त्यावरचा पडदा आणि चकती जॅरेड बून यांची. दोघांनीही आराखडे खुले ठेवले, म्हणून चीनच्या कारखान्यांनी नकला काढल्या आणि भाव उतरले.

आता त्या १ मेगाहर्ट्झकडे बघा. रायपूरचं ९८१ किलोहर्ट्झ कागदोपत्री या मर्यादेच्या जेमतेम खाली पडतं! म्हणजे सहा गिगाहर्ट्झ चाळणाऱ्या यंत्राच्या हमीत आपल्याच गावाचं जुनं स्टेशन नाही. शिवाय त्या लहरीची लांबी ३०६ मीटर. तिला हातभर एरियल कुठे पुरणार? आजोबांचा ट्रान्झिस्टर आतल्या फेराइटच्या कांडीवर हे काम आरामात करायचा.

एफएमच्या पट्ट्यात मात्र रायपूर लख्ख दिसतं. ९४.३, ९८.३, विविधभारतीचं १०१.६, रंगीलाचं १०४.८: प्रत्येकाचा जाडसर खांब, गाण्याच्या ठेक्यावर फुगणारा आणि निवेदक श्वास घ्यायला थांबला की आकसणारा. स्टेशन जवळ असेल तर त्याची भुतंही निघतात, जिथे काही नाही तिथे तेच गाणं. शिवाय यंत्र लहर मोजतं ती फक्त २५६ पायऱ्यांत. मोठा आवाज सगळ्या पायऱ्या व्यापतो आणि बारीक आवाज त्याखाली चिरडला जातो. एरियलजवळ कुणी वॉकीटॉकीचं बटण दाबलं, तर पुढचा नाजूक अ‍ॅम्प्लिफायर जळूही शकतो.

१०८ च्या वर विमानांचा मुलूख. वैमानिक आजही एएमवरच बोलतात, आणि त्याला कारण आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळतो. एएमवर दोन्ही एकमेकांत मिसळून शिट्टी उठते आणि टॉवरला कळतं की आणखी कुणीतरी आहे. १०९० मेगाहर्ट्झवर तर माणूस नाहीच; विमान आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत जातं. मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारी सरळ रेघ नागपूर-रायपूरच्या आसपासून जाते, त्यामुळे माना विमानतळावर न उतरणारी विमानंही पडद्यावर सरकताना दिसतात. भारतीय विमानाचा हेक्साडेसिमल पद्धतीतला पत्ता ८० ते ८३ यांपैकी एका जोडीने सुरू होतो, एवढं ठाऊक असलं की बाहेरचा पाहुणा लगेच ओळखू येतो.

वैमानिकांच्या बोलण्याच्या पट्ट्यापासून बरंच वर गेलं की माणसाचा आवाज संपतोच. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये टोलनाक्यावरचा रीडर आणि काचेवरचा फास्टॅग बोलतात. ९००, १८००, २३०० आणि ३३०० च्या पुढे मोबाइलच्या रुंद विटा. रंग गडद, आवाज शून्य, सगळं कुलूपबंद. सगळ्यात गजबजलेल्या भागात ऐकण्यासारखं काहीच नसावं, हे या यंत्राचं सगळ्यात विचित्र दर्शन.

कायद्याची बाजू नाजूक आहे. एकेकाळी घरच्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे. ते ऐंशीच्या दशकात गेलं. पण हे यंत्र ऐकतं तसंच, थोड्या मिलिवॅटवर का होईना, बोलतंही, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा झाला, तरी हे बदललेलं नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या. यंत्राच्या मेनूत ‘ट्रान्समिट’ची रांग ऐकण्याच्या रांगेइतकीच सहज उघडते, ही त्याच्या कर्त्यांची बेफिकिरी म्हणावी लागेल. सरळ रस्ता हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा: परीक्षा, परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारी ओळखखूण.

निव्वळ ऐकणाऱ्यांचंही २०२५ मध्ये एक नुकसान झालं. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर ‘टिकटॉक’ करत जात आणि त्या टिकटिकीतून ढगांचं चित्र ओळीओळीने उमटे. जून ते ऑगस्टदरम्यान तिघेही बंद केले गेले. रशियाचे मेटिऑर त्याच पट्ट्यात आहेत, पण त्यांचा सिग्नल डिजिटल. कानाला नुसती खरखर. अंतराळ स्थानकाचं १४५.८०० मात्र अजून आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये स्थानकातून हॅम रेडिओवर बोलले होते. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं घेतं, आणि तेवढ्यात रेघ पडद्यावर उजवीकडून डावीकडे कलते, जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीसारखी.

रायपूरचं खास दृश्य पहाटेचं. वरच्या हवेचा वेध घेण्यासाठी हवामान खातं ज्या ठिकाणांहून फुगे सोडतं, त्यांत रायपूर आहे. जगभर ठरलेल्या वेळांपैकी एक ग्रीनिचचे शून्य वाजता, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो. खाली लोंबणारी डबी तापमान, दाब आणि दमटपणा कळवत राहते. गच्चीवर अजून अंधार असतो. ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झचा पट्टा लावून ठेवावा. निळ्या पडद्यावर एक बारीक रेघ उगवते आणि हलत नाही. फुगा मिनिटाला तीनेकशे मीटर चढतो. खालच्या गल्लीत दूधवाला येऊन जातो, ऊन कठड्यावर चढतं, रेघ तशीच. तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो. मग डबी छोट्या पॅराशूटने उतरू लागते, रेघ पुसट होत जाते, आणि कुठल्यातरी धानाच्या खाचराच्या दिशेने ती क्षितिजाआड गेली की पडदा पुन्हा निळा.