शहागंजचा हौद आणि हक्कांचा हिशेब

असरची नमाज आटोपते आणि शहागंजमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती हातगाड्या दाटतात. खजुराच्या राशी, कापलेले कलिंगड, पपईच्या फोडी, गरम समोसे आणि भजी. इफ्तारला अर्धा तास उरला की सगळ्यांची पावले घराकडे वळतात. मगरीबची अजान होते आणि तोच चौक पाच-दहा मिनिटे शांत होतो. दुकानदार गल्ल्यामागेच बसून खजूर तोंडात घालतो. तेवढा वेळ शेजारचा हिंदू व्यापारी त्याचे गिऱ्हाईक धरून ठेवतो. तरावीह संपली की दुसरी लाट येते. आता शेवया, कापड, बांगड्या, अत्तर, टोप्या. सिटी चौक, जुना बाजार, रोशन गेट, किराडपुरा. सगळीकडे दिवे आणि माणसे. बाया लेकरांना घेऊन रात्री बारा वाजता निर्धास्त फिरतात. सहेरीच्या वेळेपर्यंत हा भाग झोपत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराचे हे रमजानमधले रूप. माणसे पायी चालावीत, दुकाने रात्रीही उघडी असावीत, बायकांना सुरक्षित वाटावे, यासाठी नगररचनाकार आराखडे करतात आणि महापालिका कोट्यवधी रुपये खर्चतात. जुन्या शहरात ते सारे वर्षातून महिनाभर आपोआप घडते. वस्तीचे पुनरुज्जीवन म्हणजे काय, हे ज्याला कागदावर उमगत नाही, त्याने यातली एक रात्र पाहावी.

पण याच बाजारातून एखाद्या बोळात शिरले की दुसरे चित्र दिसते. माती निखळलेल्या भिंती, टेकू दिलेले माळे, दारात ओळीने मांडलेले रिकामे ड्रम, आणि पुढच्या घराच्या भिंतीवर रुंदीकरणासाठी मारलेली खूण. आत राहणारे कुटुंब रोजा सोडते ते त्या खुणेकडे पाहतच.

जुन्या शहराची रचना मुळात कशी होती, हे समजायला शहागंजची मशीद पुरेशी आहे. साधारण १७२०च्या सुमारास ती बांधली गेली. मशीद उंच चौथऱ्यावर आहे. चौथऱ्याच्या तीन बाजूंना बाहेरून दुकाने काढलेली आहेत आणि चौथ्या बाजूने पायऱ्या चढून वर जावे लागते. वर इबादत, खाली व्यापार. अंगणात दोन मोठे हौद आणि त्यांत पाणी यायचे ते मलिक अंबरच्या नहरीतून. नमाजीला वजूसाठी पाणी, दुकानदाराला गिऱ्हाईक, वाटसरूला सावली. यातले एक काढले की बाकीचे दोन दुबळे होतात, अशी ती मांडणी होती.

ही नहर शहराइतकीच जुनी आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गावी राजधानी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. जमिनीच्या उतारावर पाणी वाहत यायचे आणि वाटेत त्याचा दाब मोडण्यासाठी दगडी मनोरे उभारलेले होते. नंतरच्या काळात पाणचक्कीवर अशाच पाण्याने जाते फिरू लागले. त्या पिठाची भाकरी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना आणि मुसाफिरांना मिळायची. खडकीचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जमिनीचा उतार मात्र तोच राहिला.

शहर हळूहळू तटाबाहेर पडले. १९७०च्या दशकात सिडकोने नवी वसाहत आखली, चिकलठाणा आणि वाळूजला कारखाने आले. ज्यांना जमले ते जुन्या गल्ल्या सोडून रुंद रस्त्यांच्या भागात गेले. मागे राहिले ते भाडेकरू, कारागीर, फेरीवाले आणि वाटणी न झालेल्या वाड्यांतले वारस. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात गेली. नहरी बुजत गेल्या, त्यांच्यावर घरे झाली, आणि पाण्याची सगळी भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आली.

२०१६च्या सप्टेंबरमध्ये शहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्यानंतर बऱ्याच ऐतिहासिक दरवाज्यांची डागडुजी झाली, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यालाही नवे रूप मिळाले. हे काम चांगलेच झाले. बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणून मिरवायचे आणि उरलेले दरवाजे ढासळू द्यायचे, हे शोभणारे नव्हते. संध्याकाळी उजळलेला मनोरा पाहून जुन्या शहरातल्या माणसालाही बरे वाटते. आपला भाग कुणीतरी मोजला, असे त्याला वाटते.

पण मनोऱ्याच्या पलीकडच्या गल्लीत पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड नळाला धार लागते आणि ती वेळ सहेरीची असो की तरावीहची, घरातले एक माणूस नळापाशी थांबते. २०२०च्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च अडीच हजार कोटींच्या वर गेला आणि काम वर्षानुवर्षे लांबले. चारशे वर्षांपूर्वी ज्या शहरात आधी पाणी आले आणि मग वस्ती वाढली, तिथे आता दगडाची शोभा आधी आली आणि पाणी मागे राहिले.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. जुन्या शहराचे बोळ अरुंद आहेत, आग लागली तर बंब आत जात नाही, रुग्णवाहिका अडते. रुंदीकरण हवेच. वाद आहे तो त्याची किंमत कोण मोजतो याचा. रस्त्यासाठी जागा गेली की मालकाला रोख मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर मिळतो. राज्याच्या नियमांनुसार तो दाट वस्तीत गेलेल्या जागेच्या तिप्पट आणि इतरत्र दुप्पट असतो. हे बांधकामाचे हक्क मालक बिल्डरला विकू शकतो. पण तीस-चाळीस वर्षे त्या जागेत शिलाई मशीन चालवणाऱ्या किंवा भांड्यांना कल्हई करणाऱ्या भाडेकरूचे नाव त्या प्रमाणपत्रावर नसते. त्याचे गिऱ्हाईक त्या कोपऱ्याशी बांधलेले होते. कोपरा गेला की गिऱ्हाईकही गेले. भिंतीवरच्या खुणेची खरी भीती त्याला असते.

रमजानमध्ये मशिदी-मशिदींतून एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. हक्क दोन प्रकारचे असतात. एक हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क: नमाज, रोजा. दुसरे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क. पहिल्यात कसूर झाली तर माणूस तौबा करतो आणि अल्लाहच्या दयेची आशा ठेवतो. दुसऱ्याची माफी मात्र ज्याचा हक्क बुडाला त्याच्याकडूनच मागावी लागते. एखाद्याचे घर, दुकान, पाणी हे सारे या दुसऱ्या खात्यात येते. शहराची पुनर्रचनाही याच खात्यातली.

इस्लामी इतिहासाच्या अगदी सुरुवातीला याचे दाखले आहेत. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मदिनेला आले तेव्हा मशिदीसाठी जी जागा ठरली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची होती. मुले ती विनामूल्य द्यायला तयार होती. पैगंबरांनी ते मान्य केले नाही आणि मोल देऊनच जागा घेतली. काम मशिदीचे होते, तरीही किंमत चुकवली गेली.

दुसरा प्रसंग दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला सांगितला जातो. मशीद अपुरी पडू लागली आणि विस्ताराच्या आड हजरत अब्बास (रजि.) यांचे घर येत होते. खलिफांनी पर्याय ठेवले: किंमत घ्या, दुसरे घर घ्या किंवा दान करा. अब्बास यांनी तिन्ही नाकारले. वाद लवादाकडे गेला. लवाद होते उबै बिन काब (रजि.). त्यांनी निकाल दिला तो खलिफांच्या विरोधात. मालकाची मर्जी नसेल तर घर घेता येणार नाही. सत्ताधीशाने निकाल मानला. हक्क मान्य झाल्यावर मग अब्बास यांनी ते घर आपणहून मशिदीला देऊन टाकले. आजच्या भूसंपादनाचे कायदे वेगळे आहेत, शहरेही वेगळी आहेत. पण क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी विचारणे, मग निवाडा, मग मोजणी, आणि हातोडा सगळ्यांत शेवटी.

बाजाराबद्दलही तसेच. बाजाराला मशिदीचाच नियम लागू आहे, जो आधी येऊन बसला ती जागा तो उठेपर्यंत त्याची, असे हजरत उमर (रजि.) मानत. मदिनेच्या बाजारात मोक्याची जागा कायमची अडवून ठेवण्याला मुभा नव्हती. गरिबालाही सकाळी लवकर येऊन पथारी टाकता यायची.

आपल्या देशाचा २०१४चा पथविक्रेता कायदा याच दिशेने जातो. आधी सर्वेक्षण करा, ते पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवू नका, शहर फेरीवाला समिती नेमा, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, असे हा कायदा सांगतो. पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल तर त्याला वारसा बाजाराचा दर्जा देऊन तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, अशीही त्यात तरतूद आहे. दगडी मनोऱ्याला वारसा म्हणायचे आणि त्याच्या पायथ्याशी दोन-तीन पिढ्या खजूर विकणाऱ्याला अतिक्रमण म्हणायचे, हे या कायद्याच्या अर्थाशी जुळत नाही. रमजानमध्ये त्या चौकाला जी गर्दी होते, ती त्या हातगाड्यांमुळेही होते.

मात्र हिशेब एकतर्फी मांडून चालणार नाही. रस्त्यालाही हक्क असतो, हे पैगंबरांनीच सांगितले आहे. रस्त्यावर बसणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास देऊ नये, असे ते बजावत. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा त्यांनी ईमानचाच एक भाग मानला. या कसोटीवर शहागंजच्या दुकानदारांनी स्वतःलाही तोलून पाहावे. पक्क्या दुकानाचा माल चार फूट बाहेर काढला की फेरीवाला रस्त्याच्या मध्यात ढकलला जातो आणि काठीच्या आधाराने तरावीहला निघालेल्या म्हाताऱ्याला वाट उरत नाही. इफ्तारनंतर चौकात पडलेली सालपटे आणि कागदी पेले उचलायचे काम पहाटे येणाऱ्या सफाई कामगाराचे, असे मानणे रोजाला शोभत नाही.

आणखी एक गोष्ट घराघरातली आहे. जुन्या शहरातले अनेक वाडे पडायला आले आहेत, कारण दोन-तीन पिढ्या त्यांची वाटणीच झालेली नाही. सात-बारा वारस, कुणी शहरात, कुणी मुंबईला, कुणी आखाती देशात. सह्या जमत नाहीत, म्हणून दुरुस्ती होत नाही, कर्ज मिळत नाही, पुनर्बांधणीची परवानगी मिळत नाही. कुरआनने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत आणि त्यांत मुलीचा हिस्सा स्पष्ट आहे. तरीही बहिणीने हक्कसोड करून द्यावी, अशी अपेक्षा सर्रास असते. बहिणीचा हिस्सा दाबून ठेवलेल्या घरातून महापालिकेकडे न्याय मागताना आवाज थोडा खाली येतो. ही वाटणी करायला कुणाच्या निविदेची गरज नाही, आणि ती झाली तर कितीतरी घरे कोसळण्याआधी दुरुस्त होतील.

रमजानचा शेवटचा अशरा हिशेबाचा असतो. दागिने, रोकड, दुकानातला माल मोजून जकात काढली जाते. घरातल्या प्रत्येक माणसामागे फित्रा दिला जातो, म्हणजे ईदच्या दिवशी गरिबाच्या घरीही शीरखुर्मा शिजावा. शहराचा हिशेबही अशाच साध्या प्रश्नांनी होऊ शकतो. दरवाजा दुरुस्त झाला, त्याच्या आतल्या गल्लीत पाणी आले का? रस्ता रुंद झाला, त्यात ज्याचे दुकान गेले तो आज कुठे बसतो? चौक सुशोभित झाला, तिथला फेरीवाला परत आला का? वाडा नव्याने बांधला, त्यात जुन्या भाडेकरूला आणि बहिणीला जागा मिळाली का?

चांदरात येईल. शहागंज त्या रात्री पहाटेपर्यंत जागेल आणि ईदच्या सकाळी इदगाहकडे निघालेली माणसे याच चौकातून जातील. दुपारी शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन शेजारपाजारचे येतील. दुसऱ्या दिवसापासून गर्दी ओसरेल, हातगाड्या कमी होतील आणि नळापाशी पुन्हा ड्रम लागतील. मशिदीच्या अंगणात जे हौद मलिक अंबरच्या पाण्याने भरत, त्यांची आठवण तेव्हा ठेवायला हवी. जुने शहर पुन्हा उभे करायचे असेल, तर कामाची सुरुवात त्या पाण्यापासून आणि त्या भाडेकरूपासून व्हावी, एवढीच या रमजानची दुआ.