वावरात टिटवी डोक्यावर घिरट्या घालतेय? ट्रॅक्टर जरा थांबवा, अंडी जवळच असतील

मे महिन्यात नांगरलेल्या वावरात पाय ठेवला की टिटवी डोक्यावर येऊन गलका करते. आपल्याकडे अनेकांना हा आवाज अशुभ वाटतो, काहीजण दगड मारून तिला हाकलतात. खरं कारण साधं आहे. तिची अंडी तिथंच कुठंतरी ढेकळांत असतात.

टिटवी झाडावर घरटं करत नाही. जमिनीत उथळ खळगा, भोवती थोडे खडे, शेळीच्या लेंड्या, झालं घरटं. अंडी बहुतेक वेळा चार, मातकट, वर काळे ठिपके. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. त्यांचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, म्हणजे नेमका आपल्या मशागतीचा. अंडी उंचावर घातली तर पाऊस जादा, असं जुनी माणसं सांगतात. मी तरी त्यावर पेरणी ठरवत नाही.

राखण नर-मादी दोघंही करतात. माणूस किंवा कुत्रं येताना दिसलं की अंड्यावरचा पक्षी गुपचूप उठतो, लांब पळत जातो आणि तिथून ओरडतो. त्यामुळे आवाज येतो तिथं शोधून अंडी सापडत नाहीत. आपण खरंच जवळ गेलो की जोडी थेट डोक्यावर झेपावते. कधी पंख मोडल्यासारखी फरफटत चालते, आपण तिच्यामागं जावं म्हणून. गुरं चरत आली तर पंख पसरून समोर उभी राहते. कडक उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते.

बांधावरच्या बाभळीतला कोतवाल असली नाटकं करत नाही. दुभंगलेल्या शेपटीचा हा काळा पक्षी घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीलासुद्धा पाठीत टोचा मारत पार हद्दीबाहेर सोडून येतो. त्याच्या आसऱ्यानं होले, बुलबुल, हळद्या त्याच झाडावर घरटी करतात. नाव उगाच पडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच वावरात रोटा चालू होता. टिटवी पंख पसरून ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. उडेल आपोआप, म्हणून आम्ही तसाच पुढं नेला. उतरून बघितलं तर फुटलेली टरफलं. जोडी अंधार पडेपर्यंत तिथंच फिरत होती.

मागच्या उन्हाळ्यात मात्र आधी बांधावर बसून लांबून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटांत पक्षी परत अंड्यावर येऊन बसतो, जागा कळते. दहा बाय दहा फुटांचा तुकडा सोडला. खूण म्हणून काडी रोवली ती लांब, कडेला. अगदी जवळ रोवली तर कावळ्यांनाच पत्ता लागायचा. अंड्याला हात लावायचा नाही, उन्हात तिथं उभं राहायचं नाही. अंडी उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पोरांनाही सांगून ठेवा. पिल्लं निघायला साधारण चार आठवडे लागतात आणि ती लगेच पायांवर चालू लागतात.

आमची पिल्लं आईमागं ओढ्याकडं गेली, मग तो तुकडा बैलांनी वखरून घेतला. पेरणी काही त्यासाठी लांबली नाही.