बचतीची वही आणि मजुरीचा हिशेब

सोलापूरची ओळख सांगताना आपण चादरीपासून सुरुवात करतो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे घेतो आणि बंद पडलेल्या भोंग्यांबद्दल हळहळतो. पण भोंगा थांबल्यावर त्या कामगारांच्या घरी चूल कशी पेटली, हे फारसे कुणी विचारत नाही. पूर्व भागातल्या अनेक घरांत ती विडीवर पेटली. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाच्या आणि इतरही जातींच्या हजारो बायका उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन आधीपासूनच विड्या वळत होत्या. घरातला पुरुषाचा पगार गेला, तेव्हा ही ‘जोडकमाई’ मुख्य कमाई झाली.

माझी नोकरीची वर्षे बँकेत गेली. कर्ज मागणाऱ्याकडे बँक तारण मागते, जामीन मागते, पगाराचा दाखला मागते. विडी वळणाऱ्या बाईकडे यातले काहीच नसे. तिला दारात येणारा सावकार बरा वाटे, कारण तो कागद मागत नसे. व्याज मात्र दरमहा शेकडा दहापर्यंत सांगे.

ही कोंडी फोडायचा एक मार्ग 1992 साली नाबार्डने दाखवला. देशभरात 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा तो प्रयोग होता. दहा ते वीस बायकांनी एकत्र यायचे, ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम टाकायची, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे आणि सगळे वहीत लिहायचे. काही महिने वही नीट चालली की बँकेने तिच्या भरवशावर कर्ज द्यायचे. तारणाच्या जागी शेजारणीचा शब्द आला. हिशेब साधा आहे. समजा, पंधरा जणी महिन्याला शंभर रुपये टाकतात. वर्षाला अठरा हजार जमतात. त्यातून एकीने पाच हजार शेकडा दोनने घेतले, तर महिन्याचे व्याज शंभर रुपये. सावकाराकडे शेकडा दहाने तेच पाचशे होते. शिवाय हे शंभर रुपये गटाच्याच पेटीत राहतात आणि त्यात तिचाही वाटा असतो.

हा शेवटचा मुद्दा आज विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गेल्या काही वर्षांत खासगी सूक्ष्मकर्ज कंपन्यांचे वसुली करणारे तरुण गल्लोगल्ली फिरतात. त्याही बायकांचे गट करतात, त्याही एकीला दुसरीची हमी द्यायला लावतात. बायका दोन्हींना ‘गट’च म्हणतात. परंतु एका गटातले व्याज गल्लीत राहते, दुसऱ्यातले गल्लीबाहेर जाते. आंध्र प्रदेशात 2010 साली अशा कर्जांच्या वसुलीवरून मोठा हाहाकार झाला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फेडणारी बाई हप्ता चुकवत नाही, म्हणून ती गरिबीतून बाहेर पडली असे समजायचे कारण नाही.

आता थोडे अवघड प्रश्नाकडे येऊ. बचत गटाने शहरातली गरिबी हटते का? सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या बायकांपुरते उत्तर सोपे आहे. सुगीला ज्वारी स्वस्त असते, तेव्हा पोती घेऊन ठेवायला भांडवल मिळाले की दर भाकरीमागे चार पैसे जास्त सुटतात. तिथे कर्ज कमाई वाढवते.

विडी वळणारीचे तसे नाही. पान आणि तंबाखू कारखान्याचे, हजार विड्यांची मजुरीही तिच्या हातात नसलेली. पान कमी भरले तर पदरचे घालून हजार पुरे करायचे, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कष्ट सोडून द्यायचे. तिला गटाने वीस हजार दिले, तरी तिची मजुरी एक रुपयाने वाढत नाही. ते पैसे दवाखान्यात, शाळेच्या फीमध्ये, घरभाड्यात जातात. सावकार सुटतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण मजुरीचा दर वहीत बदलत नाही. तो कामगार म्हणून एकत्र आल्यावरच बदलतो.

सोलापूरच्या बायकांनी हे करूनही दाखवले आहे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. शहराजवळ कुंभारीला दहा हजार घरे बांधली गेली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी सोलापुरात आले होते. केंद्राचे अनुदान, राज्याचे अनुदान आणि कामगार स्त्रीचा स्वतःचा वाटा यांतून ते काम झाले. त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे होते. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. सरकारे बदलली, मागणी तीच राहिली.

बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर घराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. खेड्यात गट टिकतो, कारण माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना ओळखतात. शहरात भाडेकरू बाई वर्षाला खोली बदलते. मग हमी कुणाची कुणी घ्यायची? स्वतःचे घर मिळाले की भाडे वाचते, शेजार पक्का होतो, आणि वही पाच-दहा वर्षे चालू शकते.

म्हणून बचत गटाला नावे ठेवू नयेत आणि त्याच्या गळ्यात गरिबी हटवण्याचे सगळे ओझेही बांधू नये. वर्षअखेरीस किती गट झाले, किती कर्ज वाटले, किती वसुली झाली, याचे तक्ते सरकार आणि बँका छापतात. त्यात आणखी दोन रकाने घालायला हवेत: त्या वर्षात बाईची कमाई किती वाढली, आणि ती ज्या घरात राहते ते कुणाच्या नावावर आहे?