भ्रमणध्वनीवरील दिनदर्शिका : निवड आणि वापर

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, शाळेचा वर्ग असो वा तहसील कचेरी असो, भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली नाही असे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून पंचांग, सण, सुट्ट्या आणि दुधाचा हिशेब हे सारे एकाच पानावर पाहण्याची सवय मराठी घरांना लागली. आता त्याच पानाची जागा हळूहळू खिशातील स्मार्टफोन घेत आहे. कालनिर्णयाचे स्वतःचेही अ‍ॅप आहे; त्याखेरीज दिनदर्शिकेची असंख्य अ‍ॅप विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतून नेमके कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांच्या हाती गावाचा कारभार आहे, त्यांच्या दृष्टीने चुकलेली तारीख ही केवळ गैरसोय नसते.

पन्हाळा तालुक्यातील कोणत्याही एका ग्रामपंचायतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमान्वये पंचायतीची सभा दरमहा घ्यावी लागते. आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका व्हाव्या लागतात. त्या साधारणतः १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास घेण्याचा प्रघात आहे. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. ग्रामसभेची सूचना सात दिवस अगोदर निघाली पाहिजे. पुरेशा कारणावाचून ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाचे पदच धोक्यात येऊ शकते. निवडून आलेल्या सदस्याने निकालानंतर तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करावयाचा असतो. माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला उत्तर देण्याची मुदतही सामान्यतः तीस दिवसांचीच आहे. अशा दहा-बारा मुदती एकाच वेळी चालू असताना त्या स्मरणावर सोपविणे धोक्याचे असते, आणि भिंतीवरची दिनदर्शिका कितीही सुबक असली तरी ती हाक मारून आठवण करून देत नाही. भ्रमणध्वनीचे खरे बलस्थान हेच आहे.

यास्तव अ‍ॅप पारखताना पहिली कसोटी रंगरूपाची नव्हे, तर आठवणीची असावी. एकाच कामासाठी एकाहून अधिक आठवणी लावता येतात काय, हे प्रथम पाहावे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची आठवण १५ ऑगस्टच्या सकाळी मिळून काहीच उपयोग नाही. ती दहा दिवस आधी एकदा, सूचना लावण्याच्या दिवशी दुसऱ्यांदा आणि महिला सभेच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा मिळाली पाहिजे. दुसरे असे की, विजेची बचत करण्याच्या हेतूने अनेक फोन पार्श्वभूमीला चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात. त्यामुळे आठवण लावलेली असूनही फोन मुकाच राहतो. नवे अ‍ॅप घेतल्यावर दुसऱ्या दिवशीची एखादी किरकोळ नोंद करून, फोन रात्रभर तसाच ठेवून, ती वेळेवर वाजते की नाही हे पाहावे. न वाजल्यास फोनच्या बॅटरीविषयक व्यवस्थेत जाऊन त्या अ‍ॅपला बचतीतून वगळावे. एवढी परीक्षा झाल्यावाचून कोणत्याही अ‍ॅपवर विसंबू नये.

पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांच्या नोंदीत एक खोच आहे. ‘दरमहा ३१ तारखेस’ अशी नोंद केल्यास बहुतेक अ‍ॅप ज्या महिन्यांत ३१ तारीखच नसते ते महिने वगळून पुढे जातात. म्हणजे वर्षातील पाच महिने आठवण येतच नाही. महिनाअखेरची कामे २५ किंवा २८ तारखेस बांधून ठेवावीत. मासिक सभेसाठी मात्र ‘प्रत्येक महिन्याचा तिसरा मंगळवार’ अशा स्वरूपाची नोंद करण्याची सोय असलेले अ‍ॅप अधिक सोयीचे.

तिथी, तारीख आणि जोतिबाची यात्रा

पन्हाळा तालुक्यात केवळ इंग्रजी तारखांवर भागत नाही. वाडी रत्नागिरी येथील जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. लाखो भाविक, सासनकाठ्या, वाहनतळ, पाणी, आरोग्य पथके, एस.टी.च्या जादा गाड्या असा तो प्रचंड व्याप असतो. २०२३ मध्ये चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला आली, २०२४ मध्ये २३ एप्रिलला आणि २०२५ मध्ये १२ एप्रिलला. साध्या अ‍ॅपमध्ये ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडून ही यात्रा नोंदविली, तर पुढच्या वर्षी आठवण नेमकी चुकीच्या आठवड्यात येणार. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सण दरवर्षी मागे सरकतात, आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आला. त्यामुळेच २०२५ मध्ये १० जुलैला असलेली आषाढ पौर्णिमा २०२६ मध्ये २९ जुलैवर गेली. तेव्हा तिथीने येणाऱ्या कार्यक्रमांच्या तारखा पंचांगावरून पाहून दरवर्षी नव्याने भरणे, हाच बिनचूक मार्ग होय.

पंचांग दाखविणारी अ‍ॅप आहेत, परंतु ती निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. उत्तरेतील वाचकांसाठी तयार केलेल्या अ‍ॅपमध्ये वद्य पक्षाला पुढील महिन्याचे नाव असते. २०२५ मध्ये उत्तरेकडील श्रावण ११ जुलैला लागला. आपल्याकडील श्रावण लागला २५ जुलैला. श्रावणी सोमवारनिमित्त शाळेची वेळ बदलणाऱ्या मुख्याध्यापकांनी अशा अ‍ॅपवर भिस्त ठेवली, तर दोन आठवड्यांचा घोळ ठरलेलाच.

यात आणखी एक भर आहे. केंद्र शासनाने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातही चैत्र, वैशाख हीच नावे आहेत. मात्र तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला, आणि लीप वर्षात २१ मार्चला, सुरू होतो. गुढीपाडव्याशी त्याचा संबंध नाही. १५ ऑगस्ट २०२५ हा एकच दिवस घेतला, तर राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार तो २४ श्रावण शके १९४७ होतो, महाराष्ट्राच्या पंचांगात श्रावण वद्य सप्तमी, आणि उत्तरेकडील पंचांगात भाद्रपद कृष्ण सप्तमी. तिन्ही बरोबर आहेत. शासकीय पत्रावर शके लिहिताना कोणते मान वापरावयाचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला अ‍ॅप वाचवू शकणार नाही.

अ‍ॅपमध्ये गावाचे किंवा निदान जवळच्या शहराचे नाव निवडता येते काय, हेही पाहावे. तिथी सूर्योदयाच्या वेळेवरून धरली जाते. पन्हाळा सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवर, त्यामुळे येथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या जवळपास ३३ मिनिटे मागे आहे. काशी वा दिल्लीचा सूर्योदय धरून काढलेली तिथी क्वचित एका दिवसाने वेगळी येऊ शकते. टिळक पंचांग आणि सोलापूरचे दाते पंचांग यांच्यात गणनेच्या आरंभबिंदूविषयी सुमारे चार अंशांचा मतभेद आहे, त्यामुळे त्यांचा अधिक मासही कधी कधी जुळत नाही. अ‍ॅप कोणती गणना पाळते हे त्याने सांगितलेले असावे. न सांगणाऱ्या अ‍ॅपवर फार विश्वास टाकू नये.

इतिहासाची आवड असणाऱ्या शिक्षकांसाठी पन्हाळ्याचेच एक उदाहरण बोधक ठरेल. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज आषाढ पौर्णिमेच्या रात्री निसटले, ती तारीख १२ जुलै १६६० अशी सर्वत्र दिली जाते. तो गुरुवार होता. पण जे अ‍ॅप इतके मागे जाऊ शकते, त्यात हीच तारीख उघडली की सोमवार दिसतो, आणि त्या रात्री पौर्णिमाही निघत नाही! कारण असे की, त्या काळच्या घटनांना रूढ झालेल्या तारखा जुन्या ज्युलियन मानाच्या आहेत. इंग्लंडने ते मान १७५२ पर्यंत पाळले. गोव्यातील पोर्तुगीज मात्र तेव्हा नवे ग्रेगोरियन मान वापरीत होते. अ‍ॅप सर्व वर्षांना ग्रेगोरियन मानच लावते. त्या मानाने तो दिवस २२ जुलै १६६० येतो, आणि तो उघडल्यास गुरुवारच दिसतो. पावनखिंडीच्या मोहिमेस निघणाऱ्या विद्यार्थ्यांना गडावरच हा हिशेब करून दाखविता येईल. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूदृश्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्यापासून असे प्रश्न विचारणारे पाहुणेही अधिक भेटतील.

सुट्टी कोण ठरवितो?

फोनमध्ये आपोआप दिसणाऱ्या सुट्ट्यांना शासकीय आधार नसतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक सुट्ट्या राज्य शासन परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली अधिसूचनेने जाहीर करते, आणि त्यांत वर्षाच्या मध्येही बदल होतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्याने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला देण्यात आली. २०२५ मध्ये तर मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांसाठी ही सुट्टी ५ वरून ८ सप्टेंबरला नेली गेली, इतर जिल्ह्यांत ती ५ सप्टेंबरलाच राहिली. संपूर्ण भारतासाठी एकच यादी पुरविणाऱ्या अ‍ॅपला कोल्हापूर आणि मुंबई यांतील हा भेद कळण्याचा संभव कमी. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्याही त्यात नसतात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तर बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात; शाळांचे वेळापत्रक या दोहोंहून निराळे. म्हणून सुट्ट्यांचा आयता संच बंद करून, अधिसूचनेवरून स्वतःचा संच एकदा भरणे चांगले. अर्ध्या तासाचे काम आहे.

तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची होतात. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत तर पन्हाळगडावर जाणारा रस्ताच खचला होता. अशा दिवसांत इंटरनेटशिवाय न उघडणारे अ‍ॅप निरुपयोगी ठरते. फोन विमान अवस्थेत टाकून अ‍ॅप उघडावे. नोंदी दिसल्या, नवी नोंद करता आली आणि नेटवर्क येताच ती इतरांच्या फोनवर पोहोचली, तर ते अ‍ॅप चालण्याजोगे आहे. गुगल कॅलेंडरसारख्या प्रचलित अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. तसेच एक दिनदर्शिका अनेकांना दाखविणे, आणि काहींनाच तीत बदल करू देणे, हेही त्यात शक्य आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशा सेविका व मुख्याध्यापक यांनी एकच सामायिक दिनदर्शिका ठेवली, तर लसीकरणाचा दिवस आणि पालकसभा एकाच सकाळी येण्याचे टळेल.

ही सामायिक दिनदर्शिका कोणाच्या नावावर आहे, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या खासगी खात्यावर असेल, तर बदलीबरोबर गावाचे वेळापत्रकही निघून जाते. ती पंचायतीच्या ई-मेल खात्यावर असावी, आणि त्या खात्याचा संकेतशब्द कार्यभार हस्तांतराच्या यादीत बंद पाकिटात असावा.

विनामूल्य अ‍ॅपची किंमत पुष्कळदा माहितीच्या रूपाने वसूल होते. दिनदर्शिकेला संपर्कयादी, छायाचित्रे किंवा ध्वनिमुद्रण यांची परवानगी कशाला हवी? सूर्योदयासाठी स्थान विचारणाऱ्या अ‍ॅपलाही गावाचे नाव हाताने देता आले पाहिजे. लाभार्थ्यांची नावे, आजार, दूरध्वनी क्रमांक हे नोंदीत लिहूच नये, ‘प्रकरण क्र. १२, सुनावणी’ एवढे पुरते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केंद्राने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, हे कार्यालयांनी ध्यानात ठेवावे.

अ‍ॅपचे आयुष्य आणि मालकी यांचीही शाश्वती नसते. ‘सनराइज’ हे लोकप्रिय दिनदर्शिका अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. ‘सिम्पल मोबाइल टूल्स’ ही जाहिरातविरहित अ‍ॅपमाला २०२३ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीकडे गेली. तेव्हा तिच्या खुल्या आज्ञावलीवरून इतरांनी ‘फॉसिफाय’ नावाने नवी मालिका उभी केली. नोंदी ‘आयसीएस’ या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येत असतील, तर अ‍ॅप बदलले तरी नोंदी टिकतात. हे स्वरूप १९९८ पासून प्रचारात आहे आणि बहुतेक सर्व दिनदर्शिका ते वाचतात. वर्षातून दोनदा, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या सुमारास, अशी एक प्रत काढून कार्यालयातील संगणकावर ठेवावी.

फोनची भाषा मराठी केल्यास महिने, वार आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये अंकही देवनागरीत दिसतात. नव्याने निवडून आलेल्या अनेक सदस्यांच्या दृष्टीने ही सोय इतर सर्व गुणांहून मोलाची ठरते. जे वाचता येत नाही ते वापरले जात नाही. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा ग्रामस्थांसाठी पंचायतीच्या फलकावर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याच दिनदर्शिकेची छापील प्रत लावावी. कायद्याला अभिप्रेत असलेली ग्रामसभेची सूचना मात्र नेहमीच्या रीतीनेच, दवंडी व फलक यांद्वारे, स्वतंत्रपणे द्यावी लागेल. फोनवर पाठविलेले निमंत्रण तिची जागा घेऊ शकत नाही.