गारा बगीच्यात पडल्या, नुकसान कोणाच्या खात्यात?

रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२३ मध्ये पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला. त्यामुळे गेली काही वर्षे रोजे आणि विदर्भातला गारपिटीचा हंगाम एकाच वेळी येत आहेत. दुपारभर ऊन तापते, अस्रच्या नमाजच्या सुमारास पश्चिमेला ढग काळवंडतात आणि इफ्तारची ताटे वाढली जात असताना वारा सुटतो. हिंगणा तालुक्यातल्या कान्होलीबारा, टाकळघाट, गुमगावच्या शेतकऱ्यांना ही संध्याकाळ नवी नाही.

यामागचे कारण हवेत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प आणि उत्तरेकडचे कोरडे वारे मध्य भारतावर एकमेकांना भिडतात. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात. त्यांच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब गोठतात, पुन्हा पुन्हा वर फेकले जाऊन मोठे होतात आणि शेवटी स्वतःच्या वजनाने खाली कोसळतात. त्यांच्यासोबत थंड हवेचा झोत जमिनीवर आदळतो. टिनपत्रे उडतात आणि जुनी झाडे मुळासकट पडतात ती या झोताने. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे बाबूजी महाराज मंदिराच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचे जुने झाड कोसळले. पावसापासून बचाव म्हणून त्या शेडखाली थांबलेल्या भाविकांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. तोही रमजानचाच महिना होता.

संत्र्याचे नुकसान दुहेरी असते. मार्चमध्ये मृग बहाराची पिकलेली फळे झाडावर असतात आणि त्याच वेळी बागेबागेत अंबिया बहाराचा फुलोरा सरून वाटाण्याएवढी फळे धरू लागलेली असतात. एका गारपिटीत हाताशी आलेले पीक गळते आणि दिवाळीच्या सुमारास येणारेही हातचे जाते. फांद्यांच्या सालीवर गारांच्या जखमा होतात, त्यातून बुरशी शिरते. वेळीच बोर्डो मिश्रणाची किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी झाली नाही, तर पुढच्या वर्षीही झाड रडते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत २०१४ मध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीनंतर अनेक बागा सावरायला काही हंगाम लागले. त्या वेळी राज्य सरकारने चार हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली होती.

मदतीचा हिशेब मात्र बारकाईने पाहावा लागतो. २०१५ पर्यंत किमान ५० टक्के पीक गेले तरच मदत मिळत असे. त्या वर्षीच्या अवकाळी पावसानंतर ही अट ३३ टक्क्यांवर आली. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालते. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याची हेक्टरी २७७ झाडे बसतात. म्हणजे केंद्राच्या दराने एका झाडामागे सुमारे ८१ रुपये हाती येतात.

खरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. हे ८१ रुपये कोणाला मिळतात? पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जमा होतात. ज्याने शेत मक्त्याने किंवा बटईने केले, बियाणे-खत उधारीवर आणले, त्याचे नाव त्या कागदावर नसते. संत्र्यात तर आणखी एक माणूस असतो. अनेक बगीचे उक्त्या सौद्याने विकले जातात. कधी फुलोऱ्यावर, कधी फळ लिंबाएवढे झाल्यावर व्यापारी बगीचा पाहतो, अंदाज बांधतो आणि बयाणा देतो. या व्यवसायात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, पिढ्यान्‌पिढ्या फळांचा धंदा करणारे बागवानही आहेत. गारा पडल्या की छोटा व्यापारी बुडतो, कारण तो ना शेतकरी, ना विमाधारक. कधी उलटे होते. व्यापारी बयाणा सोडून निघून जातो आणि गळालेल्या फळांचा सडा मालकाच्या अंगणात राहतो.

हा वाद जुना आहे. मदिना हे खजुराच्या बागांचे गाव, तिथेही झाडावरचे फळ विकले जाई. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळ पक्व होण्याची चिन्हे दिसण्याआधी ते विकण्यास मनाई केली. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील एका कथनाचा आशय असा आहे की, विकलेल्या फळावर आपत्ती कोसळली तर विकणाऱ्याने खरेदीदार भावाकडून त्याची किंमत घेऊ नये. दुसऱ्या कथनात फळे घेऊन कर्जात बुडालेला एक माणूस आहे. प्रेषितांनी लोकांना त्याच्यासाठी सदका द्यायला सांगितले. लोकांनी दिला, तरी कर्ज फिटले नाही. तेव्हा त्यांनी सावकारांना सांगितले की, जे आहे ते घ्या, त्यापलीकडे तुम्हाला काही मिळणार नाही.

पुढे न्यायशास्त्रींमध्ये मतभेद झाले. इमाम मालिक यांच्या मते एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक फळ गेले तर किमतीत सूट देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी मताचे आहेत, त्यात फळ ताब्यात घेतल्यावर नुकसान खरेदीदाराचे मानले जाते, पण सूट देणे ही भलाई समजली जाते. मदिनेच्या इमामाचा तिसरा हिस्सा आणि आजच्या सरकारी नियमातले ३३ टक्के इतके जवळ यावेत, हा योगायोग असेल. पण कोणत्याही काळातल्या शहाण्या माणसाला हे पटते की, तिसरा हिस्सा गेल्यावर तोटा एकट्याने पेलण्याजोगा राहत नाही.

हिंगण्यात हे शहाणपण करारात उतरवता येईल. बगीचा किंवा मक्त्याचा सौदा करतानाच एका साध्या कागदावर लिहावे: गारपिटीने तिसरा हिस्सा किंवा अधिक पीक गेले तर रक्कम किती कमी होईल, उरलेले हप्ते कधी द्यायचे आणि सरकारी मदत आल्यास तिची वाटणी कशी करायची. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांनी पीक विमा काढला आहे, त्यांनी गारपिटीनंतर ७२ तासांच्या आत कंपनीला किंवा कृषी कार्यालयाला कळवावे. फळे उचलण्याआधी फोटो काढून ठेवावेत. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असावे आणि वादळात झाडाखाली किंवा टिनाच्या शेडखाली थांबू नये.

इफ्तारच्या ताटात संत्र्याच्या फोडी असतात. ते फळ झाडावरून ताटापर्यंत येताना मालक, मक्तेदार, तोडणारे मजूर आणि व्यापारी अशा चौघांच्या हातून गेलेले असते. सातबाऱ्यावर त्यातले एकच नाव असते. उरलेल्या तिघांची आठवण रमजानमध्ये सदका देताना ठेवता येईल. सदक्याला धर्माची अट नाही. आणि ज्याला सदका द्यायचा नाही त्यालाही, यंदाच्या सौद्यातला एखादा हप्ता माफ करता येईल.