परिचर्या-शिक्षणातील अध्ययन-सवयी : वाचन आणि प्रत्यावाहन

परिचर्येच्या अभ्यासक्रमात अपयशी ठरणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात : एक तर त्यांनी पुरेसा अभ्यास केला नाही, किंवा विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. परंतु रात्र-रात्र जागून पुस्तकाची पारायणे करणारे आणि तरीही परीक्षेत व वॉर्डात अडखळणारे विद्यार्थी प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात आढळतात. त्यांच्या बाबतीत ही दोन्ही कारणे अपुरी पडतात. दोष परिश्रमात नसून परिश्रमाच्या रीतीत असणे शक्य आहे. या शक्यतेचा विचार स्मरणविषयक संशोधनाच्या आधारे येथे केला आहे.

अभ्यासक्रमाचे विशेष स्वरूप

भारतातील बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा व आठ सत्रांचा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, औषधशास्त्र इत्यादी विषयांचे अध्ययन आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम ही दोन्ही त्यात बरोबरीने चालतात. इतर शाखांतील विद्यार्थ्याला परीक्षेनंतर विषय विसरण्याची मुभा असते. परिचारिकेला ती नाही. प्रथम सत्रात शिकलेले शरीरक्रियाशास्त्र तिला अखेरच्या वर्षी अतिदक्षता विभागात लागते, आणि तेही पुस्तक जवळ नसताना, क्षणार्धात.

इन्सुलिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भारतात ते दर मिलिलिटरला ४० एकके व १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळते, आणि प्रत्येकीसाठी सिरिंज निराळी असते. चाळीस एककांच्या सिरिंजवर वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या सिरिंजमध्ये चुकून १०० एककांच्या कुपीतील औषध वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० एकके, म्हणजे अडीचपट मात्रा जाते. हा हिशेब विद्यार्थ्याने पुस्तकात वाचलेला असतो. तो कुपी हाती घेताना आठवतो की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

प्रत्यभिज्ञा आणि प्रत्यावाहन

पूर्वी पाहिलेली गोष्ट समोर आल्यावर ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. ती समोर नसताना मनातून बाहेर काढणे हे प्रत्यावाहन. एखादे प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य परिचित वाटते, आणि हा परिचयच ज्ञान होय असा विद्यार्थ्याचा समज होतो. परीक्षा व रुग्णशय्या या दोन्ही ठिकाणी मात्र मागणी असते ती प्रत्यावाहनाची.

या भेदाचे महत्त्व रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून स्पष्ट होते. त्यांपैकी एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत, उतारा न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पहिल्या गटाला सुमारे ८३ टक्के, तर दुसऱ्याला ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : पहिल्या गटाचे स्मरण सुमारे ४० टक्क्यांवर घसरले, दुसऱ्याचे ६१ टक्के राहिले. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. तेव्हा वारंवार वाचणाऱ्या गटाचा आत्मविश्वास अधिक होता. स्वतःच्या तयारीविषयीची विद्यार्थ्याची भावना किती फसवी असते, हे यावरून दिसते.

ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. दिवेलागणीला पाढे व श्लोक न पाहता म्हणण्याचा परवचा हे प्रत्यावाहनच होते, आणि ते रोज ठरल्या वेळी होत असे. घोकंपट्टी म्हणून त्याची हेटाळणी झाली, ती अर्थावाचून केलेल्या पाठांतरापुरती योग्यच आहे. परंतु पुस्तक मिटून आठवण्याचा जो अंश त्यात होता तो टाकाऊ नव्हता. परिचर्येच्या विद्यार्थ्याने प्रकरण वाचल्यावर वही उघडून हृदयातील रक्ताभिसरणाचा मार्ग स्वतः रेखाटावा, नंतर पुस्तकाशी ताडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात. ही ताडणी आवश्यक आहे. अन्यथा चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा धोका राहतो.

अध्ययनाचे वितरण

दुसरा प्रश्न वेळेच्या विभागणीचा आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्दावयवांवर स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. एका दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधला, असे त्याला आढळले. पुढील संशोधनाने हे तत्त्व दृढ केले. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ साली दहा अध्ययन-तंत्रांचे परीक्षण केले. त्यांत स्वचाचणी व वितरित अध्ययन ही दोनच तंत्रे अत्यंत उपयुक्त ठरली. ओळी अधोरेखित करणे आणि पुनर्वाचन, ही विद्यार्थ्यांची आवडती तंत्रे, अल्प उपयोगाची ठरली.

पाळ्यांमुळे परिचर्येच्या विद्यार्थ्याला सलग वेळ क्वचितच मिळतो, अशी तक्रार असते. वितरणाच्या दृष्टीने पाहता ही अडचण काही अंशी सोयीची आहे. वीस मिनिटांचे चार तुकडे चार दिवसांत विभागणे हे रविवारी सलग ऐंशी मिनिटे बसण्यापेक्षा सामान्यतः अधिक फलदायी ठरते. झोपेला मात्र कात्री लावता येत नाही. शिकलेले स्थिर होण्याच्या क्रियेत निद्रेचा वाटा आहे. म्हणून रात्रपाळीनंतर ताटकळत वाचण्यापेक्षा आधी झोप घेणे हाही अभ्यासाचाच भाग समजावा.

वॉर्ड हे अध्ययनस्थान

ग्रंथातील ज्ञान आणि वॉर्डातील काम यांचे दोन कप्पे पडणे ही या शिक्षणातील जुनी उणीव आहे. ती भरून काढण्यास प्रत्यावाहन उपयोगी पडते. समजा, ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे आणि संचातून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दहा हजार थेंब ४८० मिनिटांत विभागले असता मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. हे गणित वसतिगृहात शंभरदा वाचण्यापेक्षा, वॉर्डातील प्रत्येक रुग्णासाठी स्वतः मांडून नंतर सिस्टरांकडून तपासून घेणे अधिक परिणामकारक होय. मात्र मनाशी केलेल्या अशा सरावाचे रूपांतर परस्पर कृतीत होता कामा नये. मात्रा देण्यापूर्वीची रीतसर पडताळणी स्मरण कितीही पक्के असले तरी सुटत नाही.

भाषेचा अडसर

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. 'हायपर' आणि 'हायपो' यांत एका अक्षराचा फरक आणि अर्थ परस्परविरुद्ध. रक्तातील साखर घटल्यास घाम व कंप सुटतो, वाढल्यास तहान व लघवीचे प्रमाण वाढते. उपचार अर्थातच उलट दिशांचे. असे शब्द सुटे पाठ करण्याऐवजी घटकांनी शिकल्यास भार हलका होतो. हे दोन ग्रीक उपसर्ग संस्कृतातील 'उपरि' व 'उप' यांचे सगोत्र आहेत, हे कळताच 'वर' आणि 'खाली' हा भेद मनात ठसतो. आशय प्रथम मराठीतून स्वतःला समजावून सांगावा आणि मग इंग्रजीत लिहून पाहावा. अर्थ न कळता केलेले पाठांतर प्रश्नाची शब्दरचना बदलताच कोलमडते.

निष्कर्ष आणि मर्यादा

वरील प्रयोगांतील सामग्री मुख्यतः उतारे व शब्दावयव यांची होती. रुग्णाला आधार देणे किंवा जखम बांधणे अशी कौशल्ये केवळ स्मरणाने येत नाहीत. त्यांना प्रात्यक्षिक व देखरेखीखालील सरावच हवा. ही मर्यादा मान्य करूनही एवढे म्हणता येते की, अध्ययनाची रीत विद्यार्थ्यावर सोपवून अपयशाचा दोष मात्र त्याला देणे न्याय्य नव्हे. प्रत्येक तासाच्या आरंभी मागील आठवड्यावर, गुण न देता, पाच लेखी प्रश्न विचारणे कोणत्याही शिक्षकाला विनाखर्च शक्य आहे. त्यामुळे उजळणीचे वितरण आपोआप होते, आणि विद्यार्थ्याला आपले अज्ञान रुग्णाजवळ जाण्यापूर्वी, वर्गातच कळून येते.